शेवटची एसटी विचारणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सप्रेम नमस्कार.

पत्र जाहीर लिहितोय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "जाऊ दे ना बाप्पा" म्हणून विषय बदलता. नाव मात्र लिहीत नाही, तशी तुमची ताकीदच आहे.

सीपी-बेरार, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड, या सिनेमा वितरणाच्या सर्किटचं बुकिंग अमरावतीतून चालायचं, तेव्हापासून तुम्ही या धंद्यात. आम्ही आमच्या सिनेमाची संहिता पुढे केली. तुम्ही ती बाजूला ठेवून विचारलंत, "गावाकडं जानारी आखरी यष्टी कितीची हाय?"

अर्धं वितरण त्या प्रश्नात होतं. तालुक्याच्या थेटरात बाजाराच्या दिवशी तीनचा शो भरतो, कारण खेड्यातला माणूस त्या दिवशी तसाही आलेला असतो. सिनेमा अडीच तासांचा असेल तर मध्यंतर धरून पावणेसहा होतात. बस साडेपाचची असली की तो आधीच उठतो आणि गावात जाऊन शेवट न पाहिलेला सिनेमा सांगतो. म्हणून लांबी 1 तास 50 मिनिटं. आणि हे लिहितानाच ठरवायचं. एडिटिंगला कापलेल्या चाळीस मिनिटांचेही शूटिंगला पैसे गेलेलेच असतात.

मग हिशेब, तोही उलटा. तिकीट 100 रुपयांचं. 5 टक्के जीएसटी वजा जाता उरले 95, त्यातले निम्मे थेटरचे, आपल्या वाट्यातून वितरकाचं 15 टक्के कमिशन. हातात 40. म्हणजे 40 लाखांचा सिनेमा वसूल व्हायला 1 लाख तिकिटं. 400 खुर्च्यांचं थेटर, रोज 4 शो आणि पाच खुर्च्यांमागे एक माणूस धरला तर आठवड्याला 2,240 तिकिटं. अशी 45 थेटरं आठवडाभर चालायला हवीत. "हायेत का तेवढी?" नव्हती. 20 निघाली, तीही ओढूनताणून. तिथं बजेट 18 लाखांवर आलं, त्यातले 6 लाख जाहिरात आणि प्रदर्शनाचे बाजूला, उरलेल्या 12 लाखांत सिनेमा. कॅमेरा कोणता घ्यायचा ही चर्चा त्याच्यानंतर.

याआधी जिथं जिथं विचारलं तिथं "आधी सिनेमा घेऊन या, मग बघू" एवढंच ऐकलं. एका साहेबांनी तर संहितेचं पानही न उलटता विदर्भात मराठी चालत नाही असा निकाल दिला आणि वर प्रसिद्धीचं पॅकेज विकायला काढलं. चालत नाही तर प्रसिद्धी कशाची करणार होते, देव जाणे.

पण काकाजी, आभार खरे मानायचे आहेत ते एका फोनचे. तुम्ही थेटरवाल्याला फोन लावलात आणि स्पीकर चालू करून मोबाइल आमच्यामध्ये टेबलावर ठेवलात. "मंगळवारच्या बाराच्या शोले खरं किती बसते?" तिकडून उत्तर आलं, "पंधरा-वीस. कधी कधी शो कॅन्सलच." मग आठवड्याचं भाडं किती, टक्क्यावर देतो का, पोस्टर कोण लावणार, सगळं आमच्या कानांदेखत. या धंद्यात मधल्या माणसाची कमाई असते ती दोन टोकांना एकमेकांचा आकडा कळू न देण्यात. तुम्ही तो आकडा उघडा टाकलात आणि नंबर लिहून देऊन म्हणालात, "आता तुमचं तुमी बोला." अशी माणसं जागोजागी असतात म्हणा. गुरुवारी रात्री सिनेमा उघडत नाही म्हणून आपणहून फोन करणारा ऑपरेटरही त्यांतलाच. त्यांच्यावर कोणी पत्र लिहीत नाही, एवढंच.

त्या ऑपरेटरची गोष्ट तुम्हीच सांगितलेली. केडीएम, म्हणजे थेटरात सिनेमा उघडायची डिजिटल किल्ली, ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तारखांसाठीच निघते. थेटरने मधे सर्व्हर बदलला की शुक्रवारी पडदा कोरा, म्हणून आठवडाभर आधी सर्व्हरचा नंबर पुन्हा विचारायचा. 5.1 साउंडमध्ये संवाद मधल्या स्पीकरवर असतात. तो बंद असेल तर गाणी दणकून ऐकू येतात आणि माणसं नुसती तोंडं हलवतात. आणि कॅमेरा पहिल्या दिवसापासून सेकंदाला 24 फ्रेमवर. 25 वर शूट करून नंतर डीसीपीसाठी, म्हणजे थेटरात जाणाऱ्या डिजिटल प्रतीसाठी, 24 वर आणलं की लांबी 4 टक्क्यांनी वाढते, आवाज सांभाळायचं काम वेगळंच.

पोळ्याच्या प्रसंगात बैल आहेत हे वाचून तुम्ही पेन्सिलीने खूण केलीत. भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी आणि ना-हरकत नंतर, तिच्याशिवाय सेन्सॉरचं गाडं अडतं. खर्रा घोटण्याच्या चार प्रसंगांपैकी तीन काढायला लावलेत. पडद्यावर तंबाखू दिसेल तेवढा वेळ खाली इशाऱ्याची ओळ चालते आणि आमची नायिका नेमकी तेव्हाच रडत होती. दंडार या लोककलेतली गाणी ज्या शाहिरांकडून घेतली त्यांच्याशी कागद आधी करा, पैसे आधी द्या, हेही तुमचंच.

तारखेवर मात्र तुम्ही अडून बसलात. जून-जुलै पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन, मार्चला परीक्षा, मे महिन्यात कूलरच्या थेटरात कोण बसतो? कापूस विकून पैसा हातात येतो त्या डिसेंबरात अमरावती, यवतमाळ, अकोला. वडसा-ब्रह्मपुरीकडं त्याच दिवसांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम भरात, पहाटेपर्यंत नाटकं चालतात, म्हणून तिकडं होळीनंतर. एकाच शुक्रवारी सगळीकडं लावायचा आमचा हट्ट तिथं सुटला.

मानधनाचं पाकीट तुम्ही "पोस्टरच्या खळीले ठेवा" म्हणून परत दिलंत. ठेवलंय. श्रेयनामावलीत नाव नको म्हणालात ते मात्र ऐकणार नाही. डिसेंबरात बाजाराच्या दिवशी तीनच्या शोला या आणि तिथंच रागवा.

आपली,
तालुक्यातली सिनेमावाली पोरं