शार्क खटकले, पाणी नाही

संपादक साहेब, 'ग्लॅडिएटर २' बघून आल्यापासून आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्यात, मुलगा म्हणतो एकदम पैसा वसूल आणि मी अजून २००० सालच्या पहिल्या भागातल्या रसेल क्रोमध्येच अडकलोय. रोमच्या कोलोसियम आखाड्यात पाणी भरून जहाजांची लढाई दाखवली त्याला लोक हसतात पण ती थाप नाही हो, इ.स. ८० मध्ये रोमन सम्राट टायटसने त्याच्या उद्घाटनाला असा खेळ केल्याचं डिओ हा जुना इतिहासकार लिहून गेलाय, त्या पाण्यातले शार्क मात्र दिग्दर्शक रिडली स्कॉटचे! आणि इतिहासाचंच म्हणाल तर पहिल्या भागात आखाड्यात मरणारा सम्राट कमोडस तरी खरा कुठे तिथे मेला, त्याला १९२ मध्ये एका पैलवानाने गळा दाबून मारलं. तेव्हा आम्ही कुठे कुरकुरलो, गोष्टच धरून ठेवत होती. यावेळी डेन्झेल वॉशिंग्टन पडद्यावर नसला की मी घड्याळ बघत होतो.

– एक वाचक, डोंबिवली