ड्रोनच्या थव्यासाठी हातभार लावा!

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव तोंडावर आलाय, म्हणून थोडक्यात लिहितो.

वाचनालयाच्या माळ्यावर मुलामुलींनी ड्रोन जोडायला घेतले, तेव्हा पहिले 5000 रुपये दिले ते लोकमान्य नगरच्या आजींनी, पेन्शनच्या पाकिटातून. वर बजावलं, "पंखे झाका रे, बोटं जातील." आज प्रत्येक पंख्याभोवती कडं आहे ते त्यांच्यामुळे. सराफ्यातल्या काकांनी तर दुकान बंद करून रात्री येऊन सोल्डरिंग शिकवलं. सोन्याची साखळी जोडणारा हात तो! ह्या दोघांचं ऋण मंडळ विसरणार नाही.

आता 9 ड्रोन आहेत. 6 चारपंखी, 2 विमानासारखे, एक दांडगा सहापंखी, ओझं उचलणारा. विमानासारखे लांब जातात, पण हवेत थांबत नाहीत. चारपंखी थांबतात, पण त्यांची बॅटरी लवकर बसते. सगळ्यांना एकच हुकूम देऊन भागत नाही. म्हणून काम आलं की प्रत्येक ड्रोन अंतर आणि उरलेली बॅटरी पाहून बोली लावतो, कमी बोलीवाला जातो. मंडीतल्या लिलावाच्या उलट. उडताना नियम तीन: शेजाऱ्याला धडकू नका, तो जातो त्याच दिशेने चला, थवा सोडू नका. संगणकतज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्स यांनी 1987 साली हेच मांडले. (आपल्या कार्यकारिणीलाही लागू करून पाहावेत.)

29 जानेवारी 2022 ला दिल्लीत बीटिंग रिट्रीटमध्ये (प्रजासत्ताक दिन सोहळ्याचा समारोप) 1000 ड्रोन उडाले, तेव्हा आपण टीव्हीपुढे टाळ्या वाजवल्या. गेल्या दिवाळीत आपल्याच हॉलमध्ये आपले ड्रोन उडवून दाखवले, 200 खुर्च्या मांडल्या, माणसं आली 17, त्यातली काही पोह्यांसाठी. असो. मधेच एक चारपंखी मुद्दाम बंद करून खाली उतरवला, तर शेजारचा कोणी न सांगता सरकला आणि त्याचा कोपरा धरला. हे बघायला तुम्ही हवे होतात.

हवंय: 12 लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या (जुन्या फुगल्यात, चार्जिंगला लावायची भीती वाटते), 6 ऑप्टिकल फ्लो सेन्सर (खालची जमीन बघून ड्रोन किती सरकला ते सांगतात; हॉलमध्ये जीपीएस मिळत नाही), नायलॉनची जाळी. खर्च 68,000, जमा 21,500. विमानतळाच्या हद्दीपासून 8 कि.मी.च्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, तेव्हा रविवारी सकाळी गावाबाहेर जायला कोणाची गाडी मिळाली तर बरं. रोख वा यूपीआय, कार्यालय संध्या. 6 ते 8, सोमवार बंद. पावती मिळेल, 80जीची करसवलत नाही, कृपया पुन्हा विचारू नये. जुना लॅपटॉपही चालेल, चालू असला तर.

आपला,
सचिव