भद्रकालीतल्या व्हीसीआरवाल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

दुकानात तुमच्यासमोर मला नीट बोलताच आलं नाही, म्हणून हे लिहितेय.

सराफ बाजारातल्या आमच्या जुन्या घरात ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीचं पाणी शिरलं. एरवी नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते बघून आम्ही सामान हलवतो. त्या दिवशी तेवढा वेळच मिळाला नाही, आणि बाबांची कॅसेटची पेटी खालच्या कपाटात राहिली. नंतर कॅसेट वरवर पुसून ठेवून दिल्या. बाबा गेल्यावर आईने त्यातली एकच मागितली, ‘घोस्ट’. बघते तर रिळांवर वाळलेला गाळ आणि पांढरी बुरशी.

१९९० चा सिनेमा. मारला गेलेला सॅम मॉलीला सोडून जात नाही, ही गोष्ट. आईला इंग्रजी कळत नाही, पण प्रसंग न् प्रसंग पाठ आहे. मॉलीने प्रेमाचं काही म्हटलं की सॅम नुसतं ‘डिट्टो’ म्हणतो. आमचे बाबाही तेच शिकले. आई म्हणायची, “जपून जा.” चपला घालता घालता बाबांचं उत्तर, “डिट्टो.”

मला घाई होती. “एकदा लावून तर बघा,” असं मी तीनदा म्हटलं असेल. तुम्ही ऐकलं नाहीत. गाळ मशीनच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर गेला तर हेडही जाईल आणि टेपही ओरखडेल, म्हणालात. पाच स्क्रू काढून रिळं बाहेर घेतलीत, डिस्टिल्ड वॉटरने धुतलीत, सावलीत वाळू दिलीत. मग ती अर्धा इंचाची टेप मऊ कापडाने पुसत पुसत दुसऱ्या खोक्यात भरलीत. अकरा दिवस! व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनीही २०१६ मध्ये थांबली. तुमच्या मशीनचं हेड बिघडलं असतं तर नवं कुठून आणलं असतंत?

आणि मग तुमचा तो फोन. “ताई, एका जागी टेप फार झिजलीय. हे पुराचं काम नाही. इथे कुणीतरी नेहमी पॉज करायचं.” पॉज केलं तरी हेड मिनिटाला दीड हजार फेरे घेत त्याच जागी घासत राहतं, हे मला तेव्हा कळलं. तेवढा तुकडा कापून जोड दिला तर चित्र स्वच्छ दिसेल, पण विचारल्याशिवाय कापणार नाही, असं तुम्ही म्हणालात.

जागा कोणती ते मी न बघता सांगितलं. नाणं दारावरून सरकत वर जातं आणि मॉलीला पटतं की सॅम इथेच आहे. तिथे आईला रडू यायचं. बाबा पॉज करून तिच्यासाठी पाणी आणायला उठायचे.

तुम्ही कापलं नाहीत, काका. वर स्वतःचं मशीन दोन दिवस घरी न्यायला दिलंत.

रविवारी आईला सिनेमा लावून दिला. त्या जागी पडद्यावर मुंग्या आल्या, चित्र थरथरलं. आई म्हणाली, “आता पाणी आणायला उठायचे.” मग मी उठले.

मशीन परत आणताना पेटीतल्या बाकीच्या कॅसेटही आणतेय. यांची घाई नाही. कुठे झिजलेलं सापडलं तर असंच आधी विचारा.

तुमची,
‘घोस्ट’वाली ताई