तुमचा शब्द शेवटचा असावा, म्हणून

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र दोघांच्या नावाने लिहीत आहे, कारण तुमच्या आजाराविषयी तुमच्या पाठीमागे बोलणे मला मान्य नाही. कर्करोग यकृतात पसरला असून यापुढचे उपचार तो बरा करण्यासाठी नसतील, हे डॉक्टरांनी दादाला दाराबाहेर बोलावून सांगितले, तेव्हा तुम्ही आत पूर्ण शुद्धीवर होतात. शेवटी रिपोर्ट तुम्हीच मागून घेऊन वाचलात, याचे मला फार बरे वाटले.

हार्वे चोचिनोव्ह या कॅनडातील मानसोपचारतज्ज्ञांनी अशा रुग्णांना विचारण्यासाठी एक प्रश्न सुचवला आहे: तुमची उत्तम काळजी घेता यावी म्हणून, माणूस म्हणून तुमच्याविषयी आम्हाला काय माहीत असायला हवे? उत्तर तुम्हीच द्याल. पण दाढी केल्याशिवाय आणि कवळी लावल्याशिवाय तुम्ही आजवर कुणासमोर आला नाहीत, एवढे मला ठाऊक आहे. म्हणून आई, भेटायला कुणीही आले, अगदी काका आले तरी, कवळी लावून होईपर्यंत त्यांना बाहेरच्या खोलीत बसव, आणि बाबांना पुसून घेताना, कपडे बदलताना दार लावलेले असू दे.

दोन घास तरी खा, या तुझ्या आग्रहामागची माया बाबांना कळते. मात्र या टप्प्यावर भूक आजारामुळेच मंदावते; बळेबळे भरवल्याने ताकद येत नाही, मळमळ मात्र वाढते. मॉर्फीनच्या गोळीलाही तू बिचकतेस. ती सुरू झाली म्हणजे सगळे संपले, असे लोक सांगतात ते खरे नाही. डॉक्टरांनी ठरवलेला डोस दर चार तासांनी, सोबत बद्धकोष्ठतेचे औषध, असे नेमाने दिले तर सुरुवातीची गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, आणि वेदना आटोक्यात आलेल्या माणसाला निदान शांतपणे बोलता येते. कळ असह्य होईपर्यंत गोळी लांबवू नकोस. पुण्यात वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या काळजीचे, केंद्र १९९७ पासून आहे. तेथे अशा रुग्णांची विनामूल्य काळजी घेतात आणि घरच्यांनाही ती शिकवतात. बाबांची तयारी असेल तर आपण तिघे तेथे जाऊन येऊ.

आता कागदाविषयी. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्राची पद्धत २०२३ मध्ये सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून ते साक्षांकित करून घेता येते. बरे होण्याची आशा उरली नसताना व्हेंटिलेटर लावावा की नाही, हे तुम्ही त्यात आज लिहून ठेवू शकता. बोलता येईनासे झाल्यावर तुमच्या वतीने कुणी बोलावे, त्यांची नावेही त्यात घालायची असतात. माझे नाव घालावे असा माझा आग्रह नाही. तुम्हाला दादा योग्य वाटत असेल तर त्याचे घाला, मी त्याच्या पाठीशी राहीन. शनिवारी येताना मसुदा आणते. त्यातले जे पटणार नाही ते खोडा.

आपली,
मनू