प्रशिक्षकपदाच्या निमित्ताने मुलास पत्र

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

क्लबने खेळाडू म्हणून करार वाढवला नाही आणि त्याऐवजी साहाय्यक प्रशिक्षकाची जागा देऊ केली, हे तू ज्या पडलेल्या आवाजात सांगितलेस, त्यावरून ही उतरती कळा आहे असे तू मनाशी ठरवलेले दिसते. म्हणून बेसबॉलमधील डेव्ह रॉबर्ट्स यांच्याविषयी लिहितो.

ओकिनावातील नाहा येथे १९७२ साली जन्मलेल्या या आउटफिल्डरचे (दूरच्या क्षेत्ररक्षकाचे) मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेच्या दहा हंगामांत होम रन (मैदानाबाहेर जाणारे फटके) अवघे २३. चोरलेले बेस, म्हणजे फटका न बसता चेंडू फेकला जात असतानाच पळून गाठलेले पुढचे टप्पे, मात्र २४३. डॉजर्स संघात असताना बेसचोरीतले जुने जाणते मॉरी विल्स यांनी त्यांना बजावले होते की, तू पळणार हे अख्ख्या मैदानाला ठाऊक असेल आणि तरीही तुला पळावेच लागेल, असा एक दिवस येईल.

तो बोस्टनमध्ये १७ ऑक्टोबर २००४ च्या रात्री आला. प्रतिस्पर्धी यांकीज चार विजयांच्या मालिकेत ३-० ने पुढे होते, नववा म्हणजे शेवटचा डाव चालू होता, रॉबर्ट्स यांचा तेव्हाचा संघ रेड सॉक्स एका धावेने मागे होता आणि यांकीजचा पिचर (चेंडू फेकणारा) होता मारियानो रिव्हेरा. पहिल्या बेसवरील सहकारी मिलारच्या जागी रॉबर्ट्स धावायला उतरले. रिव्हेराने चेंडू तीनदा पहिल्या बेसकडे फेकून त्यांना जखडून पाहिले. नंतर फलंदाजाकडे पहिला चेंडू सुटताच रॉबर्ट्स निघाले आणि दुसऱ्या बेसवर थोडक्यात वाचले. पुढच्याच फटक्यावर त्यांनी बरोबरीची धाव घेतली. संघाने तो सामना आणि ती मालिका जिंकली, पाठोपाठ १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिकाही. पण हंगामाच्या त्या अंतिम टप्प्यात रॉबर्ट्स एकदाही फलंदाजीस आले नाहीत. मला त्या चोरीइतकेच मोल बाकावर बसून सामना वाचण्याच्या त्यांच्या सवयीचे वाटते, कारण प्रशिक्षकाचे निम्मे काम तेच असते.

२०१० मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. २०११ पासून ते पॅड्रेज संघाचे पहिल्या बेसजवळचे कोच होते, म्हणजे धावणाऱ्याने कधी पळावे हे सांगणे हेच त्यांचे काम झाले. २०१६ च्या हंगामापासून ते डॉजर्सचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आहेत. वर्ल्ड सिरीज २०१७ मध्ये हरली, २०१८ मध्ये तर बोस्टनकडूनच, आणि पिचर बदलण्याच्या त्यांच्या निर्णयांवर चाहत्यांनी सडकून टीका केली (ती सगळीच अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही). पुढे २०२०, २०२४ आणि २०२५ मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवले.

पहिल्या वर्षी मानधन कमी असेल. घरभाड्याची काळजी करू नकोस. करारावर सही करण्यापूर्वी मसुदा मला पाठव. कळावे.

तुझे बाबा