शॉवरचा पंप बदलण्याआधी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सातारा शहरात शाहूपुरी, गोडोली या भागांतील इमारतींत वरच्या मजल्यावर शॉवरसाठी लहान प्रेशर पंप बसवणे आता नेहमीचे झाले आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार (दाब मोजण्याचे एकक) दाब मिळतो आणि गच्चीवरची टाकी शॉवरच्या वर जेमतेम दोन-तीन मीटर असते, त्यामुळे पंपाशिवाय वरच्या मजल्यावर धार नीट येत नाही. मात्र हा पंप बंद पडला की बोलावलेला कारागीर बटण दोनदा खालीवर करतो आणि ‘पंप गेला, नवीन टाका’ असे सांगून मोकळा होतो. आमच्या घरीही हेच निदान झाले होते. प्रत्यक्षात पंप शाबूत होता. अडले होते ते फ्लो स्विचमध्ये.

या पंपाची रचना समजली तर बराच खर्च वाचतो. नळ उघडल्यावर पाणी आधी स्वतःच्या वजनाने थोडे वाहते, त्या प्रवाहाने फ्लो स्विचमधील चुंबक असलेली लहान पट्टी हलते आणि मग मोटर सुरू होते. म्हणजे मुळात पाणीच वाहिले नाही, तर चांगला पंपही गप्प बसतो. बोअरच्या पाण्याचा खार शॉवरच्या भोकांत साठला असेल किंवा पंपाआधीची जाळी गाळाने भरली असेल, तरी असेच घडते. बादलीचा नळ सोडल्यावर पंप चालतो आणि शॉवर सोडल्यावर चालत नाही असे दिसले, तर दोष बहुधा शॉवरच्या तोटीत आहे असे समजावे. ती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावी.

आमच्या फ्लो स्विचची पट्टी बाहेर काढली तेव्हा चुंबकाभोवती जुन्या लोखंडी पाइपातील गंजाची काळी भुकटी मिशीसारखी चिकटलेली होती. ती ओल्या फडक्याने पुसून पट्टी परत बसवताच पंप सुरू झाला. या कामाला एकही सुटा भाग लागला नाही. कदाचित म्हणूनच ते कोणी सुचवत नसावे.

पंप नुसता घूं घूं करत असेल, तर बहुधा मोटरला फिरायला जोर देणारा कपॅसिटर उतरलेला असतो किंवा बरेच दिवस न वापरल्याने पंपाच्या आतला पाणी ढकलणारा पंखा जाम झालेला असतो. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार शिल्लक राहू शकतो, म्हणून त्याला घरच्यांनी हात न लावता वायरमनलाच बोलवावे. प्रेशर स्विचवर चालणारा, म्हणजे पाइपातला दाब उतरला की सुरू होणारा पंप कोणी नळ सोडला नसतानाही थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद होत असेल, तर आधी फ्लशची टाकी गळते का ते पाहावे.

सोलर असलेल्या घरांत आणखी एक घोटाळा होतो. पंप फक्त थंड पाण्याच्या लाइनवर बसवला, तर गरम-थंड पाणी एकत्र करणारा मिक्सर नळ उघडल्यावर थंड पाण्याचा दाब गरम पाण्याला मागे रेटतो. शॉवरला थंडच पाणी येते आणि कधी कधी ते गरम लाइनमधून उलटे चढून गच्चीवर सोलरच्या हवेच्या नळीतून सांडू लागते. अशा वेळी सोलर बिघडला म्हणून तक्रार केली जाते. दोन्ही लाइनचा दाब जुळवणे आणि उलटे पाणी रोखणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवणे हा त्यावरचा उपाय आहे. गरम लाइनवर पंप बसवायचा असेल, तर त्याची तापमानाची मर्यादा आधी पाहावी, कारण उन्हाळ्यात सोलरचे पाणी साठ अंशांच्याही वर जाते.

विक्रेत्यांनी पंपासोबत मराठीत माहितीपत्रक द्यावे, फ्लो स्विच व कपॅसिटर सुटे विकावेत आणि बिलावर कपॅसिटरची क्षमता लिहावी, एवढी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. बांधकाम व्यावसायिकांनीही पंप छताच्या पत्र्याआड न कोंबता हात पोहोचेल अशा जागी बसवावा आणि त्याला स्वतंत्र स्विच, योग्य अर्थिंग व बायपास व्हॉल्व्ह द्यावा, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत बारीक का होईना, धार चालू राहील.

आपला,
एक वाचक, सातारा