तुझ्या बागेतल्या दगडाविषयी

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

भाच्याच्या हाती पाठवलेला दगड सुखरूप पोचला. नेवाशातले तुझे शेजारी त्याला बाणलिंग, म्हणजे शिवलिंग म्हणून पुजला जाणारा नदीतला गोटा, म्हणतात. पण बाणलिंग पाण्याने घासून सर्वांगी गुळगुळीत झालेले असते, आणि याच्या अंगावर तर माथ्यापासून टोकापर्यंत उभ्या पन्हळी आहेत. माझ्या मते हा माणसाने घडवलेला दगड आहे: त्यावरून कापण्यासाठी लांबट दगडी पाती काढून घेतल्यावर उरलेला गाभा.

दगड गारगोटीच्या जातीचा आहे. चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, उलट त्याच्या कडेने काचेवर उठतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अशी गारगोटी भरलेली असते आणि खडक झिजला की ती नदीच्या गोट्यांत येऊन पडते. नैसर्गिक स्फटिक म्हणावा, तर स्फटिकाच्या बाजू सपाट असतात. येथे प्रत्येक पन्हळ किंचित खोलगट असून, माथ्याच्या कडेलगत, जिथून ती सुरू होते तिथे, नखाचे टोक टेकेल एवढी खळी आहे. त्या जागी दाब देऊन पाते सोडवल्याची ती खूण. एका बाजूला नागमोडी कडाही शिल्लक आहे. पहिले पाते सरळ सुटावे आणि पुढची त्याला समांतर निघावीत, म्हणून कारागीर अशी कडा आधी मुद्दाम पाडून घेत. मला सर्वांत मोलाची वाटते ती अर्ध्यावरच थांबलेली एक पन्हळ: पाते मध्येच तुटले, आणि बहुधा म्हणूनच कारागिराने हा गाभा टाकून दिला.

तुमच्या गावी १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलियांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले, त्यात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. तांबे दुर्मीळ असल्याने ते लोक रोजच्या कापाकापीला अशीच पाती वापरत. तुझा दगड त्याच काळचा, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा माझा कयास आहे; निर्णय मात्र पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञांनीच द्यावा.

त्याआधी मला एवढे कळव, की तो मूळच्या जमिनीत सापडला की बागेसाठी बाहेरून आणलेल्या पोयट्यात? माती बाहेरची असेल तर ती कुठून भरली, हे ट्रॅक्टरवाल्याला आवर्जून विचार. त्या जागी तूर्त खणू नकोस, आणि तशाच पातळ, लांबट कपच्या दिसल्या तर न धुता, जागेची नोंद करून वेगळ्या ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव